साल सोलणारे व्याही

लेकीचं, नैनाचं, लग्न ठरल्याचं गुरुनाथने सगळ्यांत आधी शैलेंद्रला फोन करून सांगितलं. मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी शैलेंद्रने आडनाव विचारलं.

“बार्कर. ओवेन बार्कर. शाळेत सायन्स शिकवतो.”

“बार्कर म्हणजे भुंकणारा!” शैलेंद्रला हसू आवरेना. “गुरू, लेका, भुंकणारे व्याही मिळाले की तुला! आता दारात कुत्रा बांधायला नको.”

गुरुनाथही हसला. शैलेंद्रच्या विनोदांना तो पंचवीस वर्षं हसत आला होता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळात कोणी कोणाच्या नावावरून, गावावरून, गावातल्या भाषेवरून थट्टा केली, की हसणाऱ्यांत गुरुनाथ करंजोळकरचा आवाज हमखास असायचा. थट्टेचा मोर्चा आपल्याकडे वळू नये म्हणून आधीच हसून घ्यायची त्याला सवयच लागली होती.

हा गुरुनाथ शहरातली बस चालवत असे. हॉस्पिटलच्या टेकडीवरून निघून विद्यापीठाला वळसा घालून बाजाराच्या पलीकडे जाणारा रस्ता त्याचा. थंडीत पोरं बर्फाचे बूट आपटत चढत, म्हाताऱ्या बायकांसाठी तो बस एका बाजूला झुकवून पायरी खाली घेई, आणि त्या “थँक यू, गुरू” म्हणत उतरत. नाव कोणी पूर्ण उच्चारायच्या भानगडीत पडत नसे.

अमेरिकेत तो काही बस चालवायला आला नव्हता. मिरजेला डिप्लोमा केला, भोसरीच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने त्याला मिशिगनला पाठवलं, मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या कम्प्युटरवर आखायला. मग मंदी आली. मोटारींचे कारखाने बसले आणि त्यांच्याबरोबर गुरुनाथही घरी बसला. सरला, त्याची बायको, एका डे-केअरमध्ये मुलं सांभाळायची, त्यावर घर कसंबसं चाललं. वर्षभर अर्ज करून झाले. एकदा सिग्नलला थांबला असताना पुढच्या बसच्या पाठीवर त्याला पाटी दिसली: ड्रायव्हर पाहिजेत, शिकवून घेऊ. तो शिकला. पहिल्यांदा ते धूड वळवताना घाम फुटला, पण महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं की कम्प्युटरसमोर जी पाठ भरून यायची ती इथे भरून येत नाही. मंडळातले लोक विचारत, “तात्पुरतंच आहे ना?” तो म्हणे, “नाही, कायमचं आहे,” आणि हे सांगताना त्याला जराही संकोच वाटत नसे.

संकोच होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

करंजोळ हे कागलच्या बाजूचं छोटं गाव. गुरुनाथच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी ‘चांभार’ असं लिहिलेलं होतं. मास्तरांनी जात विचारली आणि तीच आडनाव म्हणून टाकून दिली. पुढे वडील स्वतः मास्तर झाले, तेव्हा त्यांनी सरकारी गॅझेटात नाव बदलून घेतलं आणि गावाचं नाव लावलं. गुरुनाथ शाळेत गेला तो करंजोळकर म्हणूनच. वडिलांनी त्याला बजावलं होतं, “कुणी विचारलं तर करंजोळकर एवढंच सांगायचं. पुढचं विचारलं तर पाणी प्यायला उठायचं.”

वडिलांचं हे बोलणं त्याला तेव्हा भित्रेपणाचं वाटलं होतं. भोसरीला नोकरी लागल्यावर पुण्यात एका बाईंच्या घरी त्याने खोली घेतली. बाई मायाळू होत्या. ताप आला तेव्हा त्यांनी त्याला पेज करून घातली. एका संध्याकाळी गप्पा मारताना त्यांनी सहज विचारलं आणि त्याने सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, “भाचा येतोय राहायला, खोली रिकामी करावी लागेल.” भाचा कधीच आला नाही, हे त्याला नंतर कळलं. पेजेचं भांडं बाईंनी अंगणातल्या नळाखाली राखेनं घासलेलं मात्र त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तोही पाणी प्यायला उठू लागला.

अमेरिकेत कोण विचारणार, असं वाटलं होतं. पण इथेही विचारत, आणि फार गोड विचारत. गणपतीला, संक्रांतीला, कुणाच्या बेसमेंटमध्ये, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला. “करंजोळकर म्हणजे कोकणातले का हो? कुलदैवत कोणतं तुमचं? वहिनी माहेरच्या कोण?” कधी इंडियातल्या कोट्याचा विषय निघे, आपल्या हुशार पोरांच्या सीट कशा जातात यावर सगळे तळमळून बोलत, आणि ज्याने डिप्लोमाची सीट त्याच कोट्यातून घेतली होती तो गुरुनाथ मान डोलावत ऐकत राही. प्रश्न फारच वाढले की शैलेंद्र त्याच्या मदतीला धावून येई. “ए, सोडा ना त्याला, कशाला उगाच चांभारचौकशा करताय!”

सगळे हसत. शैलेंद्र खरोखरच मित्राला सोडवत असे. मंदीच्या वर्षात दर शनिवारी येऊन गुरुनाथला बळंच घराबाहेर काढणारा, कॉफी पाजणारा हाच तो शैलेंद्र. मूळचा नागपूरचा, मनाने मोकळा, बोलायला त्याहून मोकळा. गुरुनाथ आपल्या प्लेटमधल्या कोथिंबीरवडीकडे बघत बसे आणि मनात म्हणे, याला सांगावं. मग त्याला पेजेचं भांडं आठवे. त्या बाईही चांगल्याच होत्या.

सरलाला हे पटत नसे. ती त्यांच्याच समाजातली, सोलापूरची. “अहो, किती दिवस दार धरून उभं राहायचं?” असं ती म्हणे. पण त्याचा चेहरा पाहिला की गप्प बसे. नैनाला तर काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच सांगितलेलं, की तुझ्या पणजोबांचं चपलांचं दुकान होतं.

लग्न जूनमध्ये करायचं ठरलं. सरलाला मंगलाष्टकं हवी होती, अंतरपाट हवा होता. शैलेंद्रच्या बायकोने, नीनाने, डेट्रॉइटकडच्या एका गुरुजींचा नंबर दिला. गुरुजी फोनवर अगदी कामाचं बोलले. तारीख, हॉल, होम करायचा तर फायर अलार्मचं काय ते. मग म्हणाले, “संकल्पाला वधूचं गोत्र लागेल. काय गोत्र आपलं?”

“बघून सांगतो,” गुरुनाथ म्हणाला आणि फोन ठेवून खरोखरच पाणी प्यायला उठला.

मार्चच्या अखेरीला बार्करांकडे जेवायला जायचं ठरलं. ओवेनचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. आई, रूथॲन, मस्कीगनच्या वरच्या बाजूला तळ्याकाठच्या एका छोट्या गावात एकटी राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढून नुकतीच रिटायर झालेली. उंचच्या उंच, मोठ्या हातांची, मोठ्या आवाजाची बाई. तिने दारातच सरलाला मिठी मारली आणि गुरुनाथच्या हातातला श्रीखंडाचा डबा घेऊन विचारलं, “हे गरम करायचं की गार खायचं?”

जेवायला चिकन होतं, मक्याचे दाणे होते, चीज घालून भाजलेले बटाटे होते. नैनाने येताना गाडीत बापाला तंबी दिली होती, “बाबा, पॉलिटिक्स नाही, चर्च नाही.” बसच्या गोष्टी सांगून संपल्या. बर्फाबद्दल बोलून झालं. बोलायला काहीतरी हवं म्हणून गुरुनाथने विचारलं, “तुमच्या आडनावाचा अर्थ काय? माझा एक मित्र म्हणतो, भुंकणारे.”

रूथॲन टेबलावर हात आपटून हसली. “सगळ्यांना तेच वाटतं! शाळेत पोरं ओवेनला बघून भुंकायची. पण कुत्र्याचा काही संबंध नाही. झाडाची साल असते ना, तिलाही बार्कच म्हणतात. जुन्या काळी इंग्लंडमध्ये ओकची साल सोलायची, कुटायची, पाण्यात मुरवायची आणि त्या पाण्यात कातडी कमवायची. ते काम करणारा तो बार्कर. टॅनर म्हणा की बार्कर म्हणा, धंदा एकच.”

गुरुनाथच्या हातातला काटा बटाट्यात रुतला तो तिथेच राहिला. समोर सरलाने मान वर केली.

“घाणेरडं काम,” रूथॲन मजेत सांगत होती. “चुना, सडकं पाणी, कुत्र्याची विष्ठासुद्धा वापरायचे म्हणे. गावाच्या आत राहू देत नसत. वस्ती बाहेर, नदीच्या खालच्या अंगाला, वारा उलटा जाईल अशा बाजूला. चर्चमध्ये शेजारी बसायला लोक कुरकुर करत. मी बार्करांच्या घरात लग्न करून आलेली, मला हे सगळं नवऱ्याच्या आत्याने सांगितलं. पुढे हे लोक मिशिगनला आले. इथे हेमलॉकची जंगलं, साल हवी तेवढी. तळ्याकाठी टॅनरी होती, त्यात ओवेनचे पणजोबा राबले. माझे सासरे मात्र बँकेत चिकटले. आणि बँकेत चिकटल्यापासून आमचं घराणं मेंढपाळ झालं.”

“मेंढपाळ कसं?” सरलाने विचारलं.

“जुन्या फ्रेंचमध्ये मेंढपाळाला जवळपास असाच एक शब्द आहे. काही बार्कर खरोखर त्या शब्दावरून आलेत, ते खोटं नाही. सासऱ्यांनी ते कुठेतरी वाचलं, आणि मग जन्मभर भेटेल त्याला सांगत राहिले, आम्ही मेंढपाळ. ख्रिसमस कार्डांवर मेंढरं छापून घ्यायचे! सख्ख्या बापाचे हात मरेपर्यंत सालीच्या रंगाचे होते, आणि हे मेंढरं छापतायत.”

“आणि ग्रँडपा मेंढीच्या जवळसुद्धा जायचे नाहीत,” ओवेन म्हणाला. “घाबरायचे.”

सगळे हसले. नैना तर ओवेनच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. गुरुनाथला मात्र हसू आलं नाही. त्याला तो बँकेतला माणूस दिसत होता, कोट घातलेला, दर डिसेंबरला मेंढरांची कार्डं निवडणारा.

“त्यांना कोणी काही बोललं होतं का?” त्याने विचारलं. “टॅनरचा मुलगा म्हणून?”

हा प्रश्न रूथॲनला आधी कोणी विचारलेला नसावा. “शाळेत पोरं त्यांना बघून नाक धरायची, असं आत्या म्हणायची. एवढंच. पण तेवढं पुरलं बहुतेक.”

“माझे आजोबाही चामड्याचंच काम करायचे,” गुरुनाथ म्हणाला. “चपला बनवायचे. हाताने.”

तो हे इंग्रजीत बोलला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. चार-दोन साधे शब्द. ज्या एका मराठी शब्दाभोवती त्याने आयुष्यभर कुंपण घातलं होतं, त्याला इंग्रजीत काही वजनच नव्हतं. कुंभार म्हणावं, सुतार म्हणावं, तसा तो निघाला आणि टेबलावर मिठाच्या डबीशेजारी जाऊन बसला. म्हणून तो पुढेही बोलला. “आम्हीही गावाबाहेरच राहायचो. तुमचा वास तुमच्या सासऱ्यांच्या बँकेत धुऊन निघाला. आमच्याकडे तो निघत नाही. नाव बदललं तरी लोक शोधत येतात.”

“अजून?”

“अजून. इथेसुद्धा.”

मला कळतं, समजतं, असलं काही रूथॲन म्हणाली नाही. “हे मला माहीत नव्हतं,” एवढंच ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. “घ्या आणखी. तुम्ही काहीच खाल्लं नाहीत.”

गुरुनाथने दोनदा वाढून घेतलं. त्याला सडकून भूक लागली होती.

परतताना गाडी नैना चालवत होती. लॅन्सिंग जवळ आल्यावर ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, “बाबा, दुकान नव्हतं?”

“नव्हतं. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसायचे.”

“मग हाइड का केलं? आय मीन, हाताने चपला बनवायचे, दॅट्स सो कूल.”

“कूल नव्हतं ते,” गुरुनाथ एकदम म्हणाला. इतका चढलेला त्याचा आवाज नैनाने क्वचितच ऐकला होता. त्याने तिला पुण्याच्या बाईंची गोष्ट सांगितली. पेजेची, भाच्याची, नळाखालच्या भांड्याची. मराठीत सांगितली, एकेक शब्द सांगितला. नैनाने पुढच्या रेस्ट एरियात गाडी वळवली, उभी केली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. तिचे डोळे भरले होते.

“आपलं पहिलं नाव काय होतं?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं.

“चाम्बार,” ती म्हणाली.

“चांभार,” मागच्या सीटवरून सरलाने सुधारलं. “भ म्हण, भ. भटजीचा भ!”

आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती स्वतःच फुटली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नैनाला विनोद अर्धाच कळला, तरी आईला तसं हसताना पाहून तीही हसू लागली. गुरुनाथ दोघींकडे बघत राहिला. तो शब्द लेकीने तीन-चार वेळा म्हणून पाहिला, अमेरिकन जिभेवर घोळवत, एखाद्या नव्या मित्राचं नाव नीट यावं म्हणून घोळवतात तसा. असा कोणाच्या तोंडून तो त्याने कधीच ऐकला नव्हता. उरलेला रस्ता तो खिडकीला डोकं लावून झोपला. सरला नंतर सांगत असे, गाडीत कधी न झोपणारा माणूस चक्क घोरत होता.

शैलेंद्रला सांगणं एवढं सोपं गेलं नाही. शनिवारी कॉफी घ्यायला बसले असताना गुरुनाथने सगळं सांगून टाकलं. शैलेंद्र कप हातात धरून ऐकत राहिला.

“पंचवीस वर्षं?” तो शेवटी म्हणाला. “पंचवीस वर्षं तू मला घाबरलास?”

“तुला नाही. तुझा चेहरा बदलला तर, याला.”

“आणि मी तर दर वेळी सगळ्यांसमोर...” शैलेंद्रला आपलंच बोलणं आठवलं असावं. त्याचा चेहरा उतरला. “तू ऐकून हसायचास रे.”

“हसायचो.”

शैलेंद्र कॉफी तशीच ठेवून उठला. “मला जरा वेळ दे, यार,” म्हणाला आणि गेला. पुढचा शनिवार आला, फोन आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. गुरुनाथ रोज आपल्या मनात डोकावून बघे. ज्याची जन्मभर भीती बाळगली ते झालं का? वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. पण छातीवर एक हात कायम दाबून ठेवलेला असायचा, तो जागेवर नव्हता. बस चालवताना तो कधी नव्हे ते गुणगुणू लागला. हॉस्पिटलच्या स्टॉपवरच्या एका नर्सने विचारलंसुद्धा, “गुरू, लॉटरी लागली की काय?”

एके दुपारी विद्यापीठाच्या स्टॉपवर पोरांच्या घोळक्यातून शैलेंद्र बसमध्ये चढला. गेल्या वीस वर्षांत तो कधी बसमध्ये बसला नसेल. किती पैसे टाकायचे, कुठे टाकायचे, काहीच ठाऊक नव्हतं. गुरुनाथने खुणेनेच त्याला पैशांची पेटी दाखवली आणि पैसे टाकल्यावर पुढच्या सीटवर बसवलं. शेवटच्या स्टॉपला बस रिकामी झाली तेव्हा तो पुढे आला.

“फोनवर जमत नव्हतं,” शैलेंद्र म्हणाला. “घरीही येववेना. इथे तू मला हाकलू शकत नाहीस.”

“तिकीट काढलंयस. नाही हाकलता येत.”

“मला राग आला होता, गुरू. तुझा नाही. म्हणजे आधी तुझाच आला. मग बसून आठवत राहिलो, किती वेळा बोललोय मी ते. मोजताच येईना. तोंडात बसलेला शब्द, कधी कानाला लागलाच नाही. माझ्या आजीचा, आईचा, सगळ्यांच्या तोंडातला. सॉरी वगैरे म्हणायला लाज वाटते.”

“मग नको म्हणूस.”

“नीनाला सांगितलं मी. तर ती म्हणते, मला अंदाज होताच.”

गुरुनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. “कधीपासून?”

“पहिल्या गणपतीपासून म्हणे. कुणी कुलदैवत म्हटलं की तू पाणी प्यायला उठायचास.”

गुरुनाथला असं हसू फुटलं की त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. या वेळी त्याच्याबरोबर हसताना शैलेंद्रच्या डोळ्यांत पाणी होतं. परतीची वेळ झाली. शैलेंद्र अख्खा फेरा पुन्हा बसमध्ये बसून राहिला आणि हॉस्पिटलच्या टेकडीवर उतरला.

सगळेच काही शैलेंद्र नव्हते. बातमी मंडळात पसरली, तशी आमंत्रण स्वीकारलेल्या एका जोडप्याला अचानक त्याच दिवशी दुसरीकडे जायचं निघालं. एक काकू सरलाशी नको इतक्या गोड बोलू लागल्या. एका पॉटलकला कोणीतरी पुन्हा गावाचं विचारलं, तेव्हा शैलेंद्र सवयीने म्हणाला, “कशाला उगाच चां...” आणि तिथेच अडला. सगळे बघू लागले. गुरुनाथने स्वतःच उत्तर दिलं. “कागलजवळचं करंजोळ. आमचा चपलांचा व्यवसाय. आम्ही चांभार.” विचारणाऱ्या गृहस्थांनी “हो का, हो का,” म्हणत भाताकडे मोर्चा वळवला. गुरुनाथने आपली प्लेट घेतली आणि शांतपणे जेवला.

गुरुजींना त्याने फोन केला. “गोत्र माहीत नाही. आम्ही चांभार. जमणार असेल तर सांगा, नाहीतर तसंही सांगा.”

“न जमायला काय झालं?” गुरुजी म्हणाले. “गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची रीत आहे. मुलाचं गोत्र?”

“मुलगा बार्कर आहे.”

“म्हणजे त्याचंही काश्यपच धरावं लागेल,” गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. “अरे, मग सगोत्र होतंय हे!” थोडा वेळ ते फोनवर स्वतःशीच पुटपुटले. “असं करू, मुलाला भारद्वाज करून टाकतो. आडनावात ब आहेच.”

त्याच आठवड्यात गुरुनाथने आणखी एक फोन केला, कागलला, कुमारला. कुमार त्याचा चुलतभाऊ, कागलच्या बाजारपेठेत त्याचं चपलांचं छोटं दुकान. दिवाळी-पाडव्याला दोघांचं बोलणं व्हायचं, पण बेसमेंटमध्ये, दार लोटून, हळू आवाजात. यंदा गुरुनाथ स्वयंपाकघरात उभा राहून बोलला. व्हिसा, विमान वगैरे कुमारला जमण्यासारखं नव्हतं. “मग व्हिडिओवर ये,” गुरुनाथ म्हणाला. “सगळ्यांना घेऊन ये.”

लग्न एका टाउनशिप हॉलमध्ये झालं. तळ्यावरून वारा येत होता, फायर अलार्म वाजला नाही. भारद्वाज गोत्रातला ओवेन धोतर सावरत अंतरपाटामागे उभा राहिला. कागलमध्ये तेव्हा रात्रीची जेवणं झाली होती, आणि कुमारच्या फोनसमोर अर्धी गल्ली गोळा झाली होती. शैलेंद्र स्वतःचा फोन उंच धरून त्यांना हॉलभर फिरवत होता. “हे नवरीचे काका, कागलहून,” असं म्हणत प्रत्येकासमोर नेऊन दाखवत होता. नीनाने त्यांना जेवणाची टेबलंसुद्धा दाखवून आणली.

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, मग फोन गुरुनाथच्या हातात आला. मागून रूथॲन आली. हिरवी पैठणी नेसलेली, नीनाने नेसवलेली, गुडघ्याखाली जराशी आखूड. तिने पडद्यासमोर वाकून दोन्ही हात हलवले. पलीकडून पोरंबाळं ओरडली.

“ही उंच बाई कोण रे?” कुमारने विचारलं.

“विहीणबाई.”

“त्यांच्यात काय करायचे पूर्वी?”

“कातडं कमवायचे.”

कुमारचा चेहरा जरा विचारात पडला. कातडं कमावणारे आणि चपला शिवणारे, यांच्यातही गावाने एक पायरी ठेवली होती, आणि ती पायरी कुमारच्या मनात अजून शाबूत होती. “म्हणजे रे, आपल्यापेक्षा...” त्याने आवाज खाली आणला.

“कुमार,” गुरुनाथ म्हणाला, “आता तू नको सुरू करूस.”

कुमार वरमला, मग स्वतःवरच हसला. त्याच्या मागे त्याची बायको त्याच्या डोक्यावर टपली मारताना दिसली. “काय म्हणतायत ते?” रूथॲनने विचारलं. “साडी छान दिसते म्हणतायत,” गुरुनाथने सांगितलं. रूथॲनने पदर सारखा केला आणि फोनकडे बघून नैनाने शिकवलेला शब्द मोठ्यांदा म्हटला, “नमस्कार!” पलीकडून अख्ख्या गल्लीने तिला नमस्कार घातला.

सरलाने लांबून हात केला. पंगत बसली होती, जिलबी संपायला आली होती. गुरुनाथने फोन शैलेंद्रकडे दिला, बूट काढून टेबलाखाली सरकवले आणि जेवायला बसला.